होम कुठे पेटवायचा?

भाचीने घराचे फोटो पाठवले तेव्हा आम्ही तिघी जणी चहा पीत बसलो होतो. मधाच्या रंगाच्या दगडाचं अठराव्या शतकातलं घर, समोर हिरवळीचा लांबलचक उतार, उताराच्या टोकाला तळं आणि तळ्याकाठी चार खांबांचं इवलंसं देऊळ. देवळात देव नाही. बागेची शोभा म्हणून बांधलेलं. भाची फोनवर रंगून सांगत होती: सफरचंदाच्या झाडांना जुन्या कपबशा टांगायच्या, पाहुण्यांसाठी गवतावर गालिचे आणि पडके सोफे मांडायचे, नवरा-नवरी झुडपांच्या चक्रव्यूहातून बाहेर येणार. माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे नवरीच्या आईने, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "छान आहे गं. पण होम कुठे पेटवायचा?"

इंग्लंडमधल्या एखाद्या ऐतिहासिक इस्टेटीवर, बागेत, मराठी पद्धतीचं लग्न करायचं मनात असेल, तर जागा बघायला जाताना हाच प्रश्न पहिला विचारा. फुलं, रोषणाई, फोटोवाला हे सगळं नंतर. बहिणीच्या त्या प्रश्नानंतर अशा तीन लग्नांत मी धावपळीची मावशी झाले. जिथे होमाची जागा पहिल्याच भेटीत ठरली तिथे बाकीचं आपोआप जागेवर बसलं. जिथे "बघू नंतर" झालं, तिथे लग्नाला दोन आठवडे उरले असताना गुरुजींना विजेच्या मेणबत्तीसमोर लाजाहोम करता येईल का, असं विचारायची वेळ आली. गुरुजी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

या घरांना आगीची भीती वाटते, आणि ती उगाच नाही. सरे परगण्यातलं क्लँडन पार्क हे १७२०च्या दशकातलं देखणं घर. २९ एप्रिल २०१५ रोजी तळघरातल्या विजेच्या एका सदोष जोडणीतून ठिणगी उडाली आणि जवळजवळ सगळं घर आतून जळून गेलं. तिथेही लग्नं होत असत. अशा घरांच्या भिंतींच्या पोकळीत, लाकडी छतांत आग शिरली की ती कुठून कुठे जाते ते कळत नाही. म्हणून घरात उघडी ज्योत नको, म्हणजे समईसुद्धा नको, हा नियम बहुतेक ठिकाणी सापडेल. त्यावर वाद घालू नका. होम बाहेर, बागेत करायचा आहे हे स्वतःहून सांगा. समोरच्या माणसाचा चेहरा लगेच सैल होतो.

मग तपशील लेखी द्या. होमपात्र किती इंचांचं, ते कशावर ठेवणार, विस्तव किती वेळ राहणार, शेजारी कोण उभं राहणार. आम्ही तांब्याचं छोटं पात्र घेतलं, त्याखाली विटांचा थर, विटांखाली वाळू भरलेला पत्र्याचा ट्रे. हिरवळीवर थेट काही ठेवू नका. दोनशे वर्षं राखलेल्या हिरवळीवर जळका गोल उमटला, तर डिपॉझिट जाईल आणि माळीबुवांचा राग वेगळा. एक अग्निशामक, एक अग्निरोधक चादर आणि पाण्याची बादली हवीच. मांडवाच्या कापडाला आग लवकर धरत नाही असं प्रमाणपत्र मागितलं जातं. मांडववाल्याकडे ते असतं, मात्र आधी मागावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लांबला आणि गवत पिवळं पडलं, तर दिलेली परवानगीही मागे घेतली जाऊ शकते. त्यासाठी खडीचं अंगण किंवा फरसबंदी अशी दुसरी जागा आधीच नक्की करून ठेवा. आणि वारा! अंतरपाटावर वारा थेट आदळणार नाही, कडेने निघून जाईल अशी दिशा बघा. आमच्याकडे एका लग्नात अंतरपाटाचं शीड झालं आणि दोन्ही मामा दोन पावलं पुढे ओढले गेले.

आता कायदा. मराठी घरांत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. सप्तपदीचं सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला, असं भारताचा १९५५चा हिंदू विवाह कायदा म्हणतो, आणि आपल्या मनातही तेच असतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये बागेतल्या सप्तपदीला कायदेशीर वजन शून्य. अशा घरी करायचं तर कायद्याचं लग्न रजिस्ट्रारसमोर, मान्यताप्राप्त जागेतच व्हावं लागतं. अशा खाजगी घरांना मान्यता मिळायला लागली ती १९९४च्या कायद्यामुळे, १९९५पासून. त्याआधी चर्च, नोंदणीकृत प्रार्थनास्थळ किंवा रजिस्ट्रारचं ऑफिस, एवढंच होतं. पुढेही बरीच वर्षं कायद्याचा विधी पक्क्या छपराखालीच करावा लागे. म्हणून बागेतल्या त्या शोभेच्या देवळांना आणि लाकडी छत्र्यांना भाव आला: जोडपं छपराखाली, पाहुणे गवतावर. १ जुलै २०२१पासून मान्यताप्राप्त घराच्या आवारात उघड्यावरही विधी करता येतो, आणि २०२२मध्ये ही सवलत कायमची झाली. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. तिथे जागेपेक्षा विधी कोण लावतो याला महत्त्व असतं.

दोघांनीही आपापल्या विभागाच्या रजिस्ट्रार कार्यालयात स्वतः जाऊन नोटीस द्यावी लागते. त्याआधी त्या विभागात निदान सात दिवस राहिलेलं असावं लागतं आणि नोटिशीनंतर पूर्ण २८ दिवस थांबावं लागतं. दोघांपैकी कोणी परदेशी नागरिक असेल तर ही मुदत ७० दिवसांपर्यंत वाढू शकते. नोटीस वर्षभर चालते, पण ती त्या एका जागेपुरती असते. मधेच घर बदललंत तर सगळं पहिल्यापासून. नवरा किंवा नवरी फक्त लग्नासाठी भारतातून येणार असेल तर साधा पर्यटक व्हिसा चालत नाही. लग्नासाठीचा वेगळा व्हिसा घ्यावा लागतो. ही चूक विमानतळावर कळली तर फार महागात पडते.

रजिस्ट्रारच्या विधीत धर्माचं काहीही चालत नाही. मंत्र नाहीत, मंगलाष्टकं नाहीत, देवाचं गाणंसुद्धा नाही. त्यामुळे दोन विधी वेगळे ठेवा आणि मध्ये चहापाण्याचा खंड द्या. आम्ही सकाळी तळ्याकाठच्या देवळात सह्या केल्या, त्याही घरच्या पंधरा माणसांत, आणि दुपारी मोठ्या लिंडन वृक्षाखाली बोहला मांडला. काही घरं कायद्याचा विधी आदल्या आठवड्यात गावच्या ऑफिसात उरकून टाकतात. मला विचाराल तर तेच बरं. रजिस्ट्रारबाई घड्याळ बघत उभ्या आहेत आणि गुरुजींचं पुण्याहवाचन संपत नाही, हा ताण नवरीच्या आईला कशाला?

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर मुहूर्ताचं बोलू. पुण्याहून एका काकांनी पंचांग बघून वेळ कळवली आणि सांगितलं, "साडेचार तास वजा करा." उन्हाळ्यात भारत आणि ब्रिटन यांच्या घड्याळांत साडेचार तासांचं अंतर असतं (हिवाळ्यात साडेपाच), हे खरं. पण पूर्वेला कोणती रास उगवते आहे हे जागेवर अवलंबून असतं, आणि मुहूर्त काढतात तो त्यावरच. तेव्हा इथल्या अक्षांश-रेखांशावर मुहूर्त काढून देणारा माणूस गाठा. गोरजमुहूर्ताचा हट्ट तर सोडूनच द्या. जूनच्या उत्तरार्धात इथे सूर्य मावळतो रात्री सव्वानऊच्या पुढे. तोवर पाहुण्यांचं जेवण होऊन बस सुटायची वेळ झालेली असते.

याहून मोठी अडचण ऋतूची. आपल्याकडे आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं होत नाहीत, आणि इंग्रजी बाग खुलते ती नेमकी मेपासून सप्टेंबरपर्यंत. दोन्हींच्या वाट्याला येतात जेमतेम मे आणि जून, क्वचित जुलैचे काही दिवस. त्यातही अधिक महिना आला की मामला आणखी अवघड. २०२६मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे गुलाबांचा ऐन हंगाम गेलाच. चातुर्मासातले गौण मुहूर्त तुमच्या घरात चालतात का, हे आजीला आधी विचारा. तारीख ठरल्यावर विचारलंत तर ती "चालेल" म्हणेल आणि वर्षभर बोलून दाखवेल. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची: आपले मुहूर्त मंगळवार-बुधवारचेही निघतात, आणि मधल्या वारी या घरांचं भाडं शनिवारपेक्षा बरंच कमी असतं. भाव विचाराल तेव्हा त्यात २० टक्के व्हॅट धरला आहे की नाही, तेही लगेच विचारा.

आता गमतीकडे. भाचीला हवी होती परीकथेतली बाग. तिने जमवलेल्या चित्रांत झाडांना टांगलेले दिवे, पुस्तकांचे ढीग, काचेच्या बरण्या, चहाच्या किटलीत लावलेली फुलं असं सगळं होतं. मी तिला म्हटलं, हे तुझ्या लहानपणी तू केलंच आहेस. गॅलरीत, बाहुला-बाहुलीच्या लग्नात. भातुकलीतली पितळी भांडी कुठे आहेत? ती सापडली नागपूरला, आजोळच्या माळ्यावर, आणि सामानातून आली. रुखवताच्या टेबलावर कपबशांच्या ऐवजी तीच मांडली: बोटभर बंब, चिमुकलं जातं, रुपयाएवढी परात. शेजारी प्रत्येक वस्तूचा उखाणा चिठ्ठीवर, मराठीत आणि इंग्रजीत. नवरदेवाकडचे लोक अमराठी; ते त्या टेबलापाशी तासभर रेंगाळले.

सजावटीबद्दल माझं म्हणणं थोडं कडक आहे. ज्या बागेसाठी तुम्ही एवढं भाडं मोजता, तिच्यावर आणखी फुलं ओतू नका. त्यापेक्षा माळ्याला भेटा. तुमच्या तारखेला काय फुललेलं असेल ते तोच सांगेल: एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत झाडीत ब्लूबेल, मेमध्ये भिंतीवर विस्टेरियाचे जांभळे घोस, मेअखेर पिओनी, जूनमध्ये गुलाब, ऑगस्ट-सप्टेंबरात डेलिया. त्या वेळी जे फुललं असेल त्यासमोर बोहला मांडा आणि पैसे वाचवा. झेंडू इथे उन्हाळ्यात सहज मिळतो. मोगरा विसरा, गजऱ्यासाठी स्टेफॅनोटिसची पांढरी जाड फुलं फुलवाल्याकडून मागवता येतात, दिसायला ती थोडीफार तशीच. आंब्याचे टाळे आणि विड्याची पानं वेम्बली, साउथॉल, लेस्टरच्या दुकानांत सापडतात. मुलांवर लक्ष ठेवा: फॉक्सग्लोव्ह, लिली ऑफ द व्हॅली आणि यू वृक्षाची कुंपणं ही तिन्ही विषारी आहेत, आणि तिन्ही अशा बागांत हमखास असतात.

आणखी एक धोका दिसत नाही, म्हणून सांगते. घरासमोरची हिरवळ थेट दूरच्या कुरणापर्यंत सलग दिसते, मेंढ्या मात्र अलीकडे येत नाहीत. मध्ये असतो 'हा-हा', म्हणजे एका बाजूने भिंत घातलेला खोल चर. केपेबिलिटी ब्राउन (१७१६–१७८३) याने अठराव्या शतकात आखीव वाफे मोडून मोकळे उतार आणि तळी केली, त्या शैलीतल्या बागांत तो असतोच. घरातून तो दिसू नये हीच त्यातली युक्ती. संध्याकाळी धावणाऱ्या मुलांना आणि मोबाइल बघत चालणाऱ्या काकांनाही तो दिसत नाही. दोऱ्यांना झेंडूच्या माळा बांधून तो भाग अडवून घ्या.

भारताशी नातं असलेली जागा हवी असेल तर ग्लॉस्टरशरमधलं सेझिनकोट बघा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याचा वास्तुविशारद भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल याने १८०५च्या सुमारास ते बांधलं: कांद्याच्या आकाराचा तांब्याचा घुमट, मोगली धाटणीच्या खिडक्या, बागेत सूर्याचं देऊळ आणि पुलाच्या कठड्यावर नंदी. तिथे लग्नं होतात. नंदीला बघून आपल्या बायका हात जोडतात हे मी ऐकलं आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. या घरांतला पैसा कुठून आला हा प्रश्न तरुण मुलं विचारतातच. २०२०मध्ये अशी जुनी घरं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने आपल्या ९३ जागांचे वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध स्वतःच प्रसिद्ध केले. वेल्समधल्या पॉइस किल्ल्यात टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबू आहे. एके काळी तो तिथल्या बागेतल्या समारंभांना मांडव म्हणून वापरत. तुमच्या मार्कीचं, म्हणजे लग्नाच्या मोठ्या तंबूचं, भाडं ठरवताना ही गोष्ट आठवली तर आठवू द्या.

हळद खोलीत लावू नका. पांढऱ्या चादरी, फिक्या रंगाचा दगड, दीडशे वर्षांचे गालिचे. हळदीचा डाग यांपैकी कशावरूनच जात नाही. बाहेर जुन्या सतरंजीवर बसवा आणि पाय धुतल्याशिवाय कोणाला आत सोडू नका. अक्षतांचंही तेच. कुंकवाने रंगवलेले ओले तांदूळ दगडी पायऱ्यांवर लाल ठिपके सोडतात. आम्ही नुसत्या कोरड्या तांदळाच्या चिमटीत सुकवलेल्या गुलाबपाकळ्या मिसळल्या. कागदी कॉन्फेटीला मनाई असते, पाकळ्यांना सहसा नसते. आकाशकंदील सोडायचा विचार असेल तर सोडून द्या. त्यांच्या तारा गुरांच्या पोटात जातात.

जेवणाची बोलणी सुरुवातीलाच करा. पुष्कळ घरांचे केटरर ठरलेले असतात आणि बाहेरचा आणायला जादा पैसे पडतात. बाहेरच्याकडे स्थानिक कौन्सिलची नोंदणी आणि बऱ्याचदा ५० लाख पौंडांचा विमा मागतात. घराच्या मुदपाकखान्यात फोडणी घालू नका. धुराचा भोंगा वाजला की सगळं लग्न खडीवर उभं. स्वयंपाकाचा तंबू धूर पाहुण्यांकडे येणार नाही अशा बाजूला लावा. पंगत मात्र सोडू नका. लांबच लांब टेबलं एका ओळीत लिंडनच्या सावलीत लावली, वर केळीची पानं, आणि वाढायला घरचीच मुलं. नवऱ्याच्या आजीला आमच्या वहिनींनी चौथी जिलबी वाढली तेव्हा त्या माउलीने पानावर दोन्ही हात आडवे धरले. ही खूण तिला कोणी शिकवली नव्हती. ऑगस्टमध्ये किंवा त्यानंतर लग्न असेल तर जिलबी आणि सरबत झाकून ठेवा. गांधीलमाश्या आमंत्रणाशिवाय येतात. जूनमध्ये गवताच्या परागांनी शिंका येतात, तेव्हा औषध पर्समध्ये असू द्या.

भारतातून येणाऱ्यांना तीन गोष्टी आधीच कळवा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो, तेव्हा तो दिवस चुकवू नका. तूप, पेढे, खव्याचं काहीही आणायचं नाही. दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. फुलं-पानंही नकोत. नारळ चालतो. आणि पैठणीखाली सपाट चपला घालायच्या. उंच टाच हिरवळीत रुतते आणि माणूस तिथेच खिळून राहतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी घरापासून बोहल्यापर्यंत छोटी गाडी मिळते का ते विचारा, कारण फोटोत ते अंतर जवळ दिसतं. रात्री खेड्यात टॅक्सी मिळत नाही, मोबाइलला रेंज नसते. बस ठरवा आणि ड्रायव्हरला नकाशा कागदावर द्या.

ढोल-ताशाबद्दल एक मजा. अनेक घरांत आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वाद्यांची वीज आपोआप तोडणारं यंत्र बसवलेलं असतं. ढोलाला वीज लागत नाही, असा बिनतोड मुद्दा आमच्या पुतण्याने मांडला. मॅनेजरबाई हसल्या आणि त्यांनी शेजारच्या तबेल्यातल्या घोड्यांकडे बोट दाखवलं. पथक दुपारी वीस मिनिटं वाजवेल असं ठरलं, तेही घोडे लांबच्या कुरणात नेल्यावर.

पाऊस येईल असं धरूनच चला. मार्की घ्यायची तर लाकडी फरशीसकट घ्या, आणि पावसात बोहला कुठे हलवायचा, निर्णय किती वाजता आणि कोणी घ्यायचा, हे आदल्या दिवशी एकाच माणसावर सोपवा. चार व्याही मिळून आभाळाकडे बघायला लागले की निर्णय होत नाही. पारदर्शक छत्र्या पन्नास-साठ आणून ठेवल्या तर फोटोही बिघडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत जागा रिकामी करून द्यायची असते. त्यात होमाची राख विसरू नका. वरून पांढरी दिसली तरी आत निखारा कितीतरी तास जिवंत असतो, तेव्हा ती प्लास्टिकच्या पिशवीत किंवा पालापाचोळ्याच्या ढिगात टाकायची नाही. झाकणाच्या लोखंडी बादलीत, पाणी ओतून. आम्ही ती बादली गाडीत ठेवायला निघालो तर माळी मागून आला आणि म्हणाला, राहू दे इथेच, लाकडाची राख आहे, गुलाबांना घालतो. बहिणीने बादली त्याच्या हातात दिली आणि तूप जरा जास्त झालंय, असं मला मराठीत सांगून इंग्रजीत सांगायला लावलं.